खिडकीसमोरची भिंत

"काका, ही भिंत निळसर दिसते," सिदरा म्हणाली.

कान्हूचा चहा बशीतच राहिला. अष्टमीतल्या या घराच्या हॉलला तो तीन दिवस ऑलिव्ह रंग देत होता. पहिल्या दिवशी त्याला तो मुळीच पटला नव्हता. हौसेनं भिंती मळवून घेतात लोक, असं तो पुटपुटलाही होता. पण सिदराच्या वडिलांनी, तमीमभाईंनी, कतारहून फोटो पाठवून हाच रंग मागितला होता, सुकत आलेल्या मेंदीच्या पाल्यासारखा. ते उद्या घरी येणार होते. आणि काल नेमका खिडकीसमोरच्या भिंतीला रंग कमी पडला, तर रोह्याच्या दुकानातलं रंग मिसळायचं मशिन बंद.

"मशिन कशाला हवं? तीस वर्षं गणपतीचे डोळे रेखलेत मी जोह्यात," असं म्हणत कान्हूनं स्वतःच रंग घोटला. मूर्तींच्या कारखान्यातल्या सवयीनं अंगठ्याच्या नखावर थेंब घेतला, उजेडात धरला आणि पसंत केला. आता त्यात ही पोर खोट काढत होती.

"निळसर नाय. वला हाय अजून," तो म्हणाला.

"काल दुपारीच सुकलाय, काका."

"उजेडाचा फरक असंल गो," सकीनाभाभीनं लेकीला दटावलं. "कान्हूदादांचा हात हाय तो."

हे सांभाळून घेणं कान्हूला जास्त झोंबलं. तो खिडकीशी गेला, दाराशी आला, उकिडवा बसला, परत उठला. पंखा उगाच बंद केला नि पुन्हा लावला. चारही भिंती त्याला सारख्याच दिसत होत्या आणि भीती होती ती त्याचीच. जोह्यात निकेशच्या कारखान्यात चाळीस मूर्ती डोळ्यांसाठी थांबल्या होत्या. "काका, रविवारी या. डोळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लावणार नाय," निकेश सकाळीच फोनवर म्हणाला होता. वर्षभर कान्हूला दिव्याभोवती वलय दिसत होतं. घरात त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. पेणला डोळे तपासायला जायचं तो आज-उद्या करत ढकलत आला होता. चष्मा पुसला की भागतं, अशी मनाची समजूत.

शेवटी त्यानं सिदराला हाक मारली. "बाय, हितं बस. मी घोटतो, तू बघ. जुळला की सांग."

तो थेंब थेंब पिवळा घालत गेला.

"अजून. जरासा अजून... बास, काका. जुळला."

कान्हूला दोन्ही रंगांत तसूभर फरक दिसेना. तरी दुपारपर्यंत त्यानं सगळी भिंत पुन्हा मारली, एका पोरीच्या शब्दावर. सकीनाभाभी दारात येऊन बघून म्हणाली, "आता कशी बरोबर जुळली." सकाळी हीच उजेडाचा फरक म्हणत होती.

कान्हू ओटीवर गेला. त्याची सून प्रतिक्षा चार वर्षं कारखान्यात त्याच्या शेजारी बसून मूर्तींचे दागिने रंगवत होती. डोळ्यांची आखणी तिनं कितीदा मागितली, त्यानं एकदाही दिली नव्हती. त्यानं निकेशला फोन लावला.

"रविवारी डोळे प्रतिक्षा करील."

"आणि तुम्ही, काका?"

"मी पाट रंगवीन. पाटाला एकच रंग असतो."

कान्हूनं फोन ठेवला. डोळे रेखायचा बारीक ब्रश तो बारा महिने खिशात बाळगायचा. तो काढून त्यानं सदऱ्याला पुसला, प्रतिक्षासाठी कागदात गुंडाळला, आणि भिंतीचा मोठा ब्रश धुवायला नळावर गेला.