डावीकडची बासरी

मी एक जुना इअरफोन आहे, मित्रांनो. काळा, वायरचा, दुकानातल्या खालच्या फळीवरचा. तुम्ही म्हणाल, हल्ली वायरचा कोण वापरतं? वापरतात की. ज्यांच्या खिशाला तेवढाच झेपतो ते वापरतात, आणि ज्यांना एकाच वायरीला दोघांनी धरून बसायचं असतं तेही वापरतात. माझ्या वाट्याला आलेली दोन माणसं दोन्ही प्रकारांत बसत होती.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. एका बाईने माझ्या केसासारख्या तारा डाग देऊन जोडल्या. दुसरीने मला कानाशी धरलं, मान हलवली आणि पुढे सरकवलं. एवढंच काय ते माझं कौतुक. मग मला डबीत घातलं. डबीत माझ्यासोबत रबरी टोप्याही होत्या, लहान, मधल्या आणि मोठ्या, प्रत्येकीची जोडी. मधली जोडी माझ्या दोन्ही तोंडांवर चढवलेली होती, बाकीच्या पुडीत. त्या टोप्यांना तुम्ही क्षुल्लक समजू नका. माझ्यासारखा स्वस्त जीव कानात सुखाने बसतो की काट्यासारखा सलतो, हे त्याच ठरवतात.

दुकान होतं एका ताईंचं. मोबाईल दुरुस्त करायच्या आणि वर ही फुटकळ विक्री. तिथे एके दिवशी काका आले. काकांचं चौकात केस कापायचं दुकान. गावातला असा एकही कान नव्हता, की ज्याच्या मागून त्यांची कात्री फिरली नव्हती. आणि इतक्या वर्षांत एकाही कानाला ओरखडा नाही, हा त्यांचा मोठा अभिमान.

"ताई, वरच्या फळीला हात लावू नका," काका म्हणाले. "माझी मान तेवढी वर वळत नाही."

ताई हसल्या. "कुणासाठी हवाय?"

"घरी. बसमध्ये लावायला."

बसचं कारण सोपं होतं, आणि वाईटही. काकूंना दर पंधरवड्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात उपचाराला जावं लागायचं. बसने पाच तास जायला, तेवढेच यायला. उपचार सोसायच्या त्या. पण परतताना त्यांचं डोकं असं ठणकायचं की इंजिनाची घरघर, कर्कश हॉर्न, मागच्या बाकावरच्यांचं मोठ्याने बोलणं, सगळं घणासारखं बसायचं. मागच्या खेपेला घरात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या होत्या, "दुखणं सोसेन. ती बस आता नाही सोसवत. पुढच्या वेळी मी यायची नाही." आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं, खंड पडता कामा नये. म्हणून काका हातातलं गिऱ्हाईक तसंच बसवून ताईंकडे आले होते.

"काकूंना आणायचं होतंत ना बरोबर," ताई म्हणाल्या. "कानात कसा बसतोय ते बघितलं असतं."

"अहो, जन्म गेला माझा लोकांचे कान बघण्यात. मधलं माप. डोळे झाकून द्या."

ताईंनी दिला. मीही खुशीत निघालो. मला तरी कुठे ठाऊक होतं, की काकूंचे कान काकांनी कधी नीट पाहिलेलेच नाहीत? काकू केस कानांवरून घेऊन अंबाडा घालायच्या. साऱ्या गावाचे कान पाठ असलेल्या माणसाला घरचे तेवढे माहीत नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या खेपेला काकू आल्या. माझ्या भरवशावर आल्या. काकूंचे कान लहान मुलीसारखे इवलेसे होते आणि मी त्यांत बळेच घुसून बसलो होतो. इंजिनाचा आवाज कमी झाला खरा, पण माझाच जाच सुरू झाला. काकूंनी तोंडातून शब्द काढला नाही. नवऱ्याने हौसेने आणलंय, मग कशाला बोला? घरी आल्यावर त्यांनी अंबाडा सोडला तेव्हा काकांना दिसलं. दोन्ही कान आतून लालबुंद झाले होते.

काका बराच वेळ त्या कानांकडे बघत बसले. "कुणाच्या कानाला लागू दिलं नाही कधी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघंही ताईंच्या दुकानात. ताईंनी पुडीतली लहान जोडी काढली आणि काकूंना स्टुलावर बसवलं. "टोपी कान भरून बसली पाहिजे, पण टोचता कामा नये. लावली की हळूच ओढून बघायची. लगेच निघाली तर सैल, दुखलं तर घट्ट. नीट बसली की बाहेरचा आवाज आपोआप कमी होतो. मग गाणं मोठं करायला लागत नाही, कानही शाबूत राहतात."

काकूंनी लावलं, ओढून बघितलं आणि त्यांचा चेहराच सैलावला. मग म्हणाल्या, "पण मी एकटीनं काय ऐकत बसू? हे शेजारी हाताची घडी घालून बसणार, आणि मी गाणी ऐकणार? कसंसंच वाटतं."

"मग एक बाजू काकांना द्या," ताई म्हणाल्या.

काकांचे कान सुपाएवढे. माझ्या उजव्या तोंडावर मोठी टोपी चढली, डाव्यावर लहानच राहिली. काकांनी वायर ताणून बघितली. "दोघांना पुरेल का ही?"

"पुरेल. जवळ बसलात तर."

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ होता. काकू खिडकीशी, काका त्यांच्या शेजारी. डावी बाजू काकूंची, उजवी काकांची. वायर आखूड, म्हणून दोघांची डोकी जवळजवळ. जाताना काकूंची गाणी, येताना काकांचं क्रिकेटचं समालोचन, असा करार झाला होता. पण येताना काकूंना बरं नसायचं, तेव्हा काका आपणहून गाणी लावायचे आणि वर म्हणायचे, "आज सामनाच नाही." सामना असायचा. मला माहीत होतं, आणि काकूंनाही. पुढे कधी काकू म्हणाल्या नाहीत, की मी बसने येणार नाही.

आता ती बासरी. काकूंचं एक आवडतं गाणं होतं. त्यात दुसरं कडवं संपतं ना, तिथे एक बारीकशी बासरी येते. चिमणी वळचणीला येऊन उडून जावी, तेवढाच वेळ. आता माझी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. गाणं माझ्या दोन्ही बाजूंना सारखं येत नाही. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे येतो, पण एखादं वाद्य फक्त डावीकडे, एखादं फक्त उजवीकडे. ती बासरी डावीकडची होती. उजवीकडे त्या वेळी नुसता ढोलक वाजायचा.

काकू काकांच्या बाहीला बोट लावायच्या. "आली बघा बासरी."

"कुठली बासरी?"

"आत्ता वाजली ती."

"ढोलक वाजतोय, ढोलक. औषधानं तुझे कान वाजायला लागलेत."

काका चेष्टेखोर माणूस. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय वस्तरा हातात न घेणारा. काकूही हसायच्या. दर खेपेला तेच गाणं, तेच बोट बाहीला, तेच उत्तर. एकदा काकूंनी हट्टाने डावी बाजू काढून त्यांच्या हातात दिली, "घ्या, तुम्हीच ऐका." काकांनी कानात घातली. पण त्या सुपाएवढ्या कानात ती इवली टोपी कशी टिकणार? आत इंजिनाची घरघर शिरली, बसला गचका बसला आणि मी कानातून निसटून त्यांच्या खांद्यावर पडलो. "काही नाही त्यात," काका म्हणाले. घरी फोनच्या भोंग्यावर लावून बघितलं, तर तिथे सगळे सूर एकात कालवले जात आणि बासरी ढोलकाखाली गडप व्हायची.

दिवस गेले तशा काकू खंगत गेल्या, बाहीवरचा त्यांचा हात हलका होत गेला. चेष्टा तीच राहिली, पण ती ऐकून काकू आता हसायच्या नाहीत, विचारात पडायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना विचारलंही, "या औषधानं कान वाजतात का हो?" डॉक्टर घाईत होते. "वाजतात कधीकधी," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी पिशवीत होतो. सगळं ऐकत होतो.

त्या दिवशी परतताना गाणं लागलं. दुसरं कडवं संपलं, बासरी आली. काकूंचं बोट बाहीपर्यंत गेलं आणि परत मांडीवर आलं. काकांनी मात्र सवयीने विचारलं, "काय, आली का तुझी बासरी?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "तुमचंच खरं असेल. कानच वाजत असतील माझे."

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत, पण त्यांतलं एकही माझं स्वतःचं नाही. माझ्यात जे ओतलं जातं तेवढंच मी बोलतो. त्या दिवशी मला सांगायचं होतं, काकू, तुम्ही खऱ्या आहात, बासरी आहे, मीच तर वाजवतोय. पण गाणं संपलं आणि पुढचं सुरू झालं. त्यानंतर काकूंनी काकांच्या बाहीला कधी बोट लावलं नाही.

काकू गेल्या त्या सकाळी घरीच गेल्या. काका चहा गाळत होते. चहा घेऊन आत आले आणि कप हातात धरून तसेच उभे राहिले. मला काकूंच्या पिशवीतून काढून काकांनी आपल्या दुकानातल्या खणात ठेवलं, जुने कंगवे आणि बोथट कात्र्यांच्या शेजारी. खण उघडायचा, हात आत यायचा, मला बाजूला सारून कंगवा उचलायचा. माझ्यावर केसांची बारीक भुकटी बसली. दुकानात आता चेष्टा ऐकू येत नव्हती. गिऱ्हाईक बसायचं, केस कापून घ्यायचं, उठायचं. मला त्या दुर्लक्षाचं एवढं दुःख नव्हतं. 'कानच वाजत असतील माझे' या काकूंच्या वाक्याचं होतं.

मग लेक आली. इस्पितळाच्या शहराच्याही पुढे, दूरच्या शहरात नोकरी करणारी, बापावर जीव टाकणारी. "चला बाबा, थोडे दिवस माझ्याकडे राहा," म्हणाली. बस तीच, रस्ता तोच. निघायच्या दिवशी तिने दुकान आवरलं, खण झाडला आणि मी तिच्या हाती लागलो. तिने मला मऊ फडक्याने पुसलं. मग तिला दिसलं, की एका बाजूची टोपी मोठी, दुसरीची लहान. "बाबांचं काही खरं नाही," ती स्वतःशीच म्हणाली, "धड लावताही आली नाही." खणातच टोप्यांची पुडी होती; लहानीची जोडीदार तेवढी बसच्या धावपळीत कधीच हरवली होती. तिने मोठीची जोडीदार काढून माझ्या डावीकडे चढवली आणि लहान टोपी खाली टाकली. तिथे कापलेले केस पडलेले होते. केरसुणी फिरली आणि टोपी केसांबरोबर केरात गेली. तिने हे प्रेमाने केलं, मित्रांनो. तिच्यावर राग धरू नका. मीही धरला नाही, फक्त डावीकडून एकदम परका झालो.

बसमध्ये लेक खिडकीशी बसली. काकांनी मला पिशवीतून काढलं, उजवी बाजू कानात घातली आणि डावी तशीच लोंबू दिली.

"दोन्ही लावा ना बाबा. मी नीट करून दिलंय. आता दोन्हीकडे बसेल."

काकांनी मुकाट्याने दुसरीही लावली. बसली. कान भरून बसली, जराही टोचली नाही. इंजिनाची घरघर दूर गेली. गाणं काकूंचंच होतं, कारण फोनमध्ये दुसरं होतंच काय? पहिलं कडवं झालं. दुसरं कडवं संपलं. आणि बासरी आली.

काकांचा हात फोनकडे गेला. त्यांनी गाणं मागे नेलं. पुन्हा बासरी. पुन्हा मागे नेलं. पुन्हा तीच, तेवढीच, डावीकडे.

"होती गं," काका म्हणाले.

"काय होती, बाबा?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "बासरी होती. ती म्हणत होती, आणि मी हसत होतो. शेवटी बिचारी म्हणाली, माझेच कान वाजत असतील." मग त्यांनी डावी बाजू काढून हातात धरली आणि बोटाने चाचपली. "ती छोटी टोपी कुठे गं?"

लेकीचा चेहरा उतरला. "केरात गेली, बाबा. मला वाटलं, चुकून लावलीत."

"बरं," काका म्हणाले. "असू दे. तुझ्या आईचं माप होतं ते."

लेकीने तोंड खिडकीकडे वळवलं आणि पुढचा सगळा रस्ता तिचे खांदे हलत राहिले.

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यासारखा इअरफोन घ्यायला गेलात, तर ज्याच्या कानात घालायचा त्याला बरोबर न्या. घाई करू नका, प्रत्येक माप लावून बघा, हळूच ओढून बघा. मला कात्रीशेजारी टाकू नका, वायर पिळू नका, टोप्या जपून ठेवा. कुणाची दोन मापं वेगळी दिसली, तर नीट करण्याआधी एकदा विचारा. आणि तुमच्या शेजारचं माणूस म्हणालं, की मला ऐकू येतंय, तर तुम्हाला येत नसलं तरी हसू नका. एकदा त्याच्या बाजूचं नीट लावून ऐका, ते माणूस शेजारी बसलेलं आहे तोवर.

मी आता म्हातारा झालो आहे. माझी उजवी बाजू मध्येमध्ये बंद पडते. काकांचं त्याने काही अडत नाही. लेकीकडे जाता-येता ते फक्त डावी बाजू लावतात आणि दुसरं कडवं संपलं की स्वतःच्याच बाहीला बोट लावतात.