ताणातली संत्री

सुभद्राबाईंना गोष्टींची पुस्तकं रुचत नसत. गोष्टीत कोण रडणार ते चौथ्या पानावरच कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवं असे खरंखुरं काही. समुद्राचा तळ, हाडांची घडण, मुंग्यांची वस्ती. लेक आचल अमरावतीत नोकरीला. महिन्यातून एकदा तिवशाजवळच्या या मळ्यात येताना ती वाचनालयातून एक पुस्तक आणी, आधीचं परत नेई.

डिसेंबरात आलेलं पुस्तक झाडांचं होतं. ओसरीवर ऊन पायाशी येईपर्यंत सुभद्राबाई वाचत बसल्या आणि एका पानावर अडल्या. तहानलेलं टमाट्याचं झाड आवाज करतं, असं तिथं लिहिलं होतं. टिक्, टिक्. तासाला तीस-चाळीस वेळा. माणसाच्या कानाला पोचत नाही, यंत्राला पोचतो.

पुढचं पान त्यांनी उलटलंच नाही. समोर चारशे संत्र्यांची बाग उभी होती, आणि तिचं पाणी तोडून एकवीस दिवस झाले होते.

आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, हवा तर संत्र्याला ताण द्यावा लागतो. महिनाभर पाणी बंद. पानं मलूल होतात, गळू लागतात, आणि मग पाणी सोडलं की काडीकाडीला कळी फुटते. लग्न होऊन आल्यापासून सुभद्राबाईंनी चौतीस ताण पाहिले होते. एकही मनाला लागला नव्हता. आता भाकर थापता थापता हात थांबे. धुणं वाळत घालताना त्या बागेकडे पाठ करत, तर पाठीलाच काही टोचत राही. एकदा जाऊन त्यांनी खोडाला कान लावला. झाड गप्प. गप्पच असणार, पुस्तकानं सांगितलंच होतं. म्हणून तर जीव आणखी वरखाली.

नवऱ्याला, भगवंतरावांना, विचारून पाहिलं. ते हसले. टमाट्याचं लिहिलंय, संत्र्याचं कुठाय, म्हणाले. आणि तू चतुर्थी धरतेस तेव्हा मरतेस का, हा झाडांचा उपासच समज. उपास आपण आपल्या मनानं धरतो, यांना कोणी विचारलं, असं सुभद्राबाईंच्या ओठांवर आलं नि तिथंच राहिलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी भगवंतराव खत पाहायला तिवशाला गेले, आणि सुभद्राबाईंनी विहिरीजवळच्या झाडाच्या आळ्यात बादली रिती केली. मग दुसरी. मग सातवी. काळ्या मातीच्या भेगा पाणी पीत राहिल्या. शेजारचं झाड बघत असल्यासारखं वाटलं, म्हणून त्यालाही. पाचव्या झाडाशी मागून परतलेल्या भगवंतरावांचा आवाज आला.

"काय करून राहिली वं?"

"तहान लागली त्याइले."

"ताण तुटला या पाचाचा. नुसती पालवी येईन आता, फूल नाई."

ते ओरडले नाहीत. बादली घेतली, पालथी ठेवली, आणि पुस्तक मागितलं.

चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत त्यांनी ते पान वाचलं, आणि उलटून पुढचंही वाचलं. मोठ्यानं. झाडाच्या बारीक नळ्यांत पाणी कमी पडलं की हवेचे बुडबुडे फुटतात, आवाज बहुधा त्याचाच. त्याला रडणं समजू नये. सुभद्राबाईंनी मान खाली घातली. आता थट्टा होणार म्हणून वाट पाहिली. झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून भगवंतराव बागेत चार-चारदा जाऊ लागले. एरवी झाडाचं पान एकदा बोटांत धरून सांगत, अजून आठ दिवस. आता ते पान मुडपत, उन्हात धरत, आणि काही न सांगता परतत. जेवता जेवता उठत. ते रडणं नाही, असं तुम्हीच वाचलंत ना, सुभद्राबाई म्हणाल्या. नळी तर रिकामी होते ना, एवढंच ते बोलले.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी सुभद्राबाईंना मोटरीच्या खोलीशी बोलावलं. एक पान पुढं केलं.

"पाह्य. झालं काय पुरं?"

चौतीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पान मऊ होतं, कडा आत वळलेल्या. पुरं झालं असेलही. तीन दिवस कमीही असतील, आणि मग बहार गेला, वर्ष गेलं.

"मले काय समजते? तुमीच सांगत असता."

"तेच तं समजून नाई राहिलं," भगवंतराव म्हणाले. "पान सांगून राहिलं, का तुह्यं पुस्तक."

सुभद्राबाई नको म्हणाल्या नाहीत. भगवंतरावांनी बटन दाबलं. मोटर घुरघुरली, नळ्या फुगल्या, आळ्याआळ्यांत पाणी उतरू लागलं. दोघं बांधावर उभे राहिले. फुलं येणार की नुसती पानं, हे कळायला अजून तीन आठवडे होते.