बडेबाबूंचा कोट आणि मी

मी टीव्ही बोलतोय. हसू नका. जन्मभर मी बोलतोच आहे, पण ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्यावाल्यांचं, साबणवाल्यांचं, सासवा-सुनांचं. स्वतःचं म्हणून आज पहिल्यांदाच बोलतोय, आणि तेही अशा एका दिवसाबद्दल, ज्या दिवशी मला एकच वाक्य बोलता आलं असतं तर एका भल्या घराची अब्रू पणाला लागली नसती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. डोळे उघडले तेव्हा मी पुसदच्या एका दुकानात भिंतीला टांगलेला होतो आणि माझ्यासारखेच दहा-बारा जण एकाच क्रिकेटच्या सामन्यावर आरडाओरडा करत होते. तिथून मला श्रीकृष्णरावांनी घरी आणलं. ते पाटबंधाऱ्याच्या कचेरीत बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, होते. निवृत्त झाले तरी गाव त्यांना बडेबाबूच म्हणतं. त्यांच्या पत्नी शीलाताई यांनी माझ्यासाठी क्रोशाची झालर विणली आणि दसऱ्याला मला हळदकुंकू वाहिलं. मुलगा सलील पुण्याला असतो. या घरात त्याचं येणंजाणं बहुतेक मोबाइलच्या स्पीकरमधूनच होतं.

लोकांना वाटतं, चालू असलो की मी जागा आणि बंद झालो की झोपलेला. खरं तर उलट आहे. चालू असताना माझ्याच गोंगाटात मला काही सुचत नाही. बंद झालो की माझ्या काळ्या काचेत सगळी बैठक उतरते. कोण कोणाकडे कसं बघतं, कोणाच्या पाठीमागे कोण तोंड वाकडं करतं, सगळं. माझ्यापुढे माणसं फार मोकळी वागतात. बंद टीव्हीला कोण लाजतो?

रविवारी दुपारी मात्र मला चालूच राहावं लागे. किसनसिंग यायचे. कचेरीची जीप त्यांनी तीस वर्षं चालवली, त्यातली बरीच वर्षं शेजारच्या सीटवर बडेबाबू. आता ते तांड्यावर राहून शेती बघतात. माझ्या अगदी समोर, बडेबाबूंच्या दिवाणाला लागून, एक वेताची खुर्ची होती. ती किसनसिंगांची. सलील आला तरी तिच्यावर बसत नसे.

आणि मालिका ठरलेली, ‘कापूसगंज’. शंभर वर्षांपूर्वीचं कापसाच्या बाजाराचं गाव, त्यात बळवंतराव नावाचा गुंड आणि त्याची टोळी. गुंड म्हणजे काय गुंड! लांब काळा कोट, तिरकी टोपी, बोटात लाल खड्याची अंगठी. तो चालायला लागला की मागे धूर, पुढे ढोल, आणि सगळं संथ. खून करायच्या आधी तो अंगठी एकदा बोटात फिरवी. त्याचं एक वाक्य तर सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. “बळवंतराव मान खाली घालतो, ती फक्त बूट घालताना!”

मालिकेवरून बैठकीत जी खडाजंगी व्हायची ती मालिकेहून बरी असे.

“काय रुबाब आहे! काय फोटोग्राफी!” बडेबाबू मांडीवर थाप मारत म्हणायचे. “कोणापुढे वाकत नाही बेटा.”

“एवढ्या उन्हात कोट घालून हिंडतो, घामोळं नाही येत का त्याला?” शीलाताई शेंगा सोलता सोलता विचारायच्या. “अन् ते रक्ताचे डाग धुते कोण? ती बाई एकदाही दाखवली नाही.”

एका भागात बळवंतरावाने केलेल्या खुनासाठी पोलिसांनी त्याच्या धाकट्या भावाला धरलं. बळवंतरावाने तोंड उघडलं असतं तर भाऊ सुटला असता. त्याने उघडलं नाही. भाऊ फासावर गेला आणि हा गच्चीवर उभा राहून सिगारेट ओढत राहिला. मी त्या दिवशी इतकं सुंदर आभाळ दाखवलं की बडेबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“याले म्हणतात मर्द,” ते म्हणाले.

किसनसिंगांनी माझ्यावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, “कायचा मर्द, बडेबाबू? थोडासा झुकला असता तं भाऊ वाचला असता. कोट लई चांगला हाये त्याचा, एवढंच म्हनीन मी.”

“तुला कलेतलं काही समजत नाही, किसनसिंग.”

“नसंल समजत. मले भाऊ हाये, एवढं समजते.”

दोघं हसले, चहा आला, विषय मिटला. मला मात्र तो विषय पुढे फार दिवस पुरला.

एप्रिलातला शनिवार होता. मालिका मध्येच अडकते, गोल चक्र फिरत राहतं, म्हणून बडेबाबूंनी राजकुमारला नेटची वायर बदलायला बोलावलं होतं. राजकुमार हा किसनसिंगांचा मुलगा. पोलीस भरतीचं मैदान आणि लेखी दोन्ही मारून बसलेला. चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. तोवर वायरी ओढायचं काम करत होता. ठाण्यात त्याच्या नावाने साधा तक्रारअर्ज जरी गेला असता, तर सगळी मेहनत मातीत गेली असती.

त्या दिवशी माझ्या शेजारी स्टँडवर एक वाटी होती. तिच्यात रिठ्याच्या पाण्यात एक अंगठी, बडेबाबूंच्या वडिलांची, माणकाची. नातवाच्या मुंजीत सलीलच्या बोटात ती घालायची होती, म्हणून शीलाताईंनी उजळायला ठेवलेली. राजकुमार माझ्या पाठीमागे वाकून काम करत होता. वाटीला धक्का लागू नये म्हणून त्याने ती स्वतः जरा बाजूला सरकवली. काम झालं, पाणी प्यायला, गेला. शीलाताई देवळात गेल्या.

घरात उरलो बडेबाबू आणि मी. मी बंद होतो.

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग कपाटातून बद्री-केदारच्या यात्रेसाठी शिवलेला लोकरी कोट काढला. वाटीतली अंगठी पुसून बोटात घातली. आणि माझ्या काळ्या काचेसमोर उभे राहून, पंख्याखाली घामाने निथळत, आमचे बडेबाबू बळवंतरावासारखे चालू लागले! खांदा पाडून, एक भुवई चढवून. अंगठी फिरवून म्हणाले, “बळवंतराव मान खाली घालतो...” मला हसू आलं, पण गंमतही वाटली. सदतीस वर्षं साहेबांपुढे ‘हो जी, हो जी’ केलेला माणूस. घटकाभर रुबाब करून बघितला तर कोणाचं काय बिघडलं?

तेवढ्यात फाटक वाजलं, शीलाताई देवळातून आल्या. त्यांनी घाईघाईने अंगठी काढून कोटाच्या खिशात कोंबली, कोट कपाटात लोटला आणि पिशवी घेऊन भाजीला निघून गेले. गडबडीत अंगठी साफ विसरले.

शीलाताईंनी वाटी बघितली ती अर्ध्या तासाने. आधी स्टँड हलवला, मग गाद्या झटकल्या, मग घामाघूम होऊन सलीलला फोन लावला. मी सगळं ऐकत होतो.

“घरात कोण आलं होतं?” सलीलने विचारलं.

“कोण येणार? सकाळी पेपरवाला बिलाचे पैसे घेऊन गेला, गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला. अन् राजकुमार...”

“मग झालं तर. बाबांना म्हणावं, ठाण्यात तक्रार द्या. या लोकांचा भरवसा नसतो.”

बडेबाबू तेव्हाच पिशवी घेऊन दारात आले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा हात आपोआप बोटाकडे गेला, रिकाम्या बोटाकडे, आणि तिथेच थांबला. त्यांना आठवलं. मी माझ्या काचेत बघितलं, त्यांना त्याच क्षणी आठवलं.

‘बोला,’ मी मनात ओरडलो. ‘कोट! कपाटातला कोट!’ अहो, दिवसभर तोंड न मिटणारा मी, पण माझं बटण दुसऱ्याच्या हातात. बडेबाबू म्हणाले, “तक्रार नको. उद्या पाहू.” आणि भाजी ठेवायला आत गेले. एवढंच.

शीलाताईंना राहवलं नाही. त्यांनी राजकुमारला फोन करून गोडीतच विचारलं, “राजू, वाटीतली अंगठी पाहिली होती का रे?” पण असला प्रश्न गोडीत विचारता येत नसतो.

रविवारी दुपारी किसनसिंग आले, मुलाला घेऊन. नेहमीसारखा “जय सेवालाल” नाही, वहिनींची चौकशी नाही. खुर्ची समोर होती, बसले नाहीत. सलील स्टँडवर टेकवलेल्या मोबाइलमधून बघत होता.

“दाखव,” किसनसिंग मुलाला म्हणाले.

राजकुमारने खांद्यावरची पिशवी फरशीवर पालथी केली. पक्कड, पेचकस, टेप, वायरीचे तुकडे, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. मग त्याने पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले.

“अरे, हे कायले किसनभाऊ!” शीलाताई रडकुंडीला आल्या. “आम्ही कुठं असं म्हटलं?”

“तुमी नाई म्हटलं, वहिनी. इचारलं.” किसनसिंगांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटत होती. “इंग्रजाच्या राज्यात माह्या आज्याले ठाण्यात हजेरी द्या लागे. चोरी केली म्हनून नाई, आमच्यात जन्मला म्हनून. आमच्या घरातला हा पयला पोरगा, जो ठाण्यात वर्दी घालून जाऊन राह्यला. त्याच्यावर डाग पडला तं मी मेलो, बडेबाबू. मंग मले हाक मारू नका.”

बडेबाबू उठले, आत गेले. कपाटाचं दार करकरलं. माझ्या जिवात जीव आला. पण ते आले ते मूठ आवळून. दिवाणाशी वाकले, हात खाली घातला आणि ओरडले, “सापडली! ही बघा, दिवाणाखाली होती!”

मला वाटलं, आता तरी सुटलं. कसचं काय!

“बाबा,” मोबाइलमधून सलीलचा आवाज आला, “त्यानंच टाकली असेल आत्ता, पिशवी ओतताना. घाबरला असेल. जाऊ द्या आता, मिळाली ना?”

“तिथं तर मी सकाळी दोनदा झाडलं,” शीलाताई नकळत बोलून गेल्या.

सगळे राजकुमारकडे बघू लागले. तो पेचकस गोळा करत होता, ते त्याच्या हातातून परत खाली पडले. किसनसिंग बघत होते ते मात्र बडेबाबूंकडे. जीप चालवताना आरशातून बघावं तसे, न वळता. माणसाने खोटं बोलून एखाद्याला वाचवायला जावं आणि त्याला आणखी खोल गाळात ढकलावं, असं मी मालिकांत शेकडो वेळा दाखवलंय. घरात बघायला फार वेगळं असतं.

बडेबाबू परत आत गेले. या वेळी कोट घेऊन आले. भर एप्रिलात त्यांनी तो सगळ्यांसमोर अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, अंगठी बोटात घातली आणि खांदा पाडून चार पावलं चालले. भुवई चढवली. अंगठी फिरवली. “बळवंतराव मान खाली घालतो,” ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना बोलवेना.

“असं,” ते म्हणाले. “काल मी हे करत होतो. एकटाच. अंगठी या खिशात राहिली. काल तू सलीलशी बोलत होतीस ना, तेव्हाच मला आठवलं होतं. लाज वाटली. लोक हसतील म्हणून गप्प बसलो. दिवाणाखाली काही नव्हतं, आत्ता मीच हातातून काढली. राजकुमारनं काही केलं नाही.”

“बाबा, तुम्ही काय बोलताय?” सलील म्हणाला. शीलाताईंनी मोबाइल उचलून पालथा घातला.

कोणी हसलं नाही. खरं सांगतो, कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

राजकुमारने पिशवीची चेन लावली. “काका, तुमी सांगतलं, लई झालं,” तो म्हणाला. “पन कालच्याले पेपरवाला आलता, गॅसवाला आलता, मीबी आलतो. नाव माह्यंच काहून निंगालं?”

तो उंबऱ्याशी वाकला, बूट घातले, गेला. किसनसिंग त्याच्या मागे गेले. बडेबाबू कोटातच उभे होते, घामाच्या धारा लागलेल्या. त्यांनी मान खाली घातली होती, आणि पायात बूट नव्हते.

पडताळणी नीट झाली. राजकुमार प्रशिक्षणाला गेला. ‘कापूसगंज’चे नवे भाग आले, गाजले म्हणतात. या घरात लागले नाहीत. रविवारी चार वाजता बडेबाबू मला बंद करत आणि तसेच बसून राहत. माझ्या काचेत ते दिसत आणि शेजारी रिकामी खुर्ची दिसे. माझाही दोष थोडका नाही. ज्याच्यामुळे भाऊ फासावर गेला त्याच्यासाठी मी आभाळ रंगवलं. फासावर गेला त्याला अर्ध्या मिनिटात उरकलं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका रविवारी फाटक वाजलं. किसनसिंग होते. त्यांनी वेताची खुर्ची उचलली, थेट दाराजवळ नेऊन ठेवली आणि तिथे बसले. शीलाताईंनी चहा दिला. बडेबाबूंनी मला लावून पिकांचा कार्यक्रम बघितला. दर रविवारी आता असंच चालतं. दोघांच्या मध्ये पाच फरश्या.

मी जुना झालोय. एका कोपऱ्यात काळा डाग पडलाय, आवाज खरखरतो. दिवाळीत मला देऊन नवा मोठा आणायचं सलीलने फोनवर ठरवूनही टाकलंय. नव्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण गेल्या रविवारी किसनसिंग उठले आणि खुर्ची एक फरशी आत घेऊन बसले. “ऊन येऊन राह्यलं दारातून,” असं म्हणाले. त्या वेळी दारात ऊन नसतं, हे मला माहीत आहे. बडेबाबूंनाही माहीत आहे. अजून चार फरश्या राहिल्यात, सलीलबाबू. तेवढ्या होऊ द्या, मग मला खुशाल न्या.