लाकूडवैद्याची हातोडी

त्या बाईच्या डोळ्याला तीन रात्री डोळा लागला नव्हता, आणि त्याला कारण मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कारण होती मातीची एक रेघ. लेकीच्या खोलीच्या दाराला, चौकटीवर, पेन्सिलीएवढी जाड, खालून वर चढत गेलेली. वाळवीचा रस्ता. रस्ता म्हटला की तो कुठेतरी जाणारच. चौकटीच्या वर छप्पर पेलणारी लाकडी तुळई, आणि तुळईच्या बरोबर खाली पाच वर्षांच्या गुंडीचा पलंग.

मी एक हातोडी. वीतभर दांडा, लिंबाएवढं डोकं. लोहाराच्या भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण दणादण मोठे खिळे ठोकणार. नशिबात आला तसबिरी मढवणारा. त्याच्याकडे वर्षभर नखाएवढे खिळे हळूच, अंगठा सांभाळून ठोकले. मग त्याने दुकान आवरलं आणि मी गंजक्या खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडले. सहा वर्षं. खिळ्यांशी गप्पा तरी काय मारणार? मला बघितलं की ते अंगच चोरायचे.

तिथून मला लाकूडवैद्यांनी उचललं. जुन्या घरांची लाकडं तपासणं हा त्यांचा धंदा, म्हणून लोकांनी पाडलेलं हे नाव. त्यांनी मला तळहातावर तोललं आणि म्हणाले, "हिने ठोकायचं नाही. विचारायचं."

तेव्हापासून मी विचारत फिरते. भरीव लाकूड 'टण्ण' असं रोखठोक उत्तर देतं. पोखरलेलं 'ढप' म्हणतं, तोंडात घास असल्यासारखं. वरून रंग शाबूत, आत भुगा. माझे कान खोटं बोलत नाहीत, असं लोक म्हणतात. मला मात्र प्रत्येक घराच्या दारात धडकी भरते, की आज आपण चुकणार. पण खरं सांगू, त्या धडकीची गोडी दुसऱ्या कशाला नाही. दांड्यापर्यंत झिणझिण्या येतात.

तर त्या सकाळी आम्ही पोचलो. घर असं लख्ख, की बघत राहावं. लाकूडवैद्यांचा चेहरा पडला.

"ताई, ती मातीची रेघ कुठाय?"

"काढली ना," ती उत्साहाने म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून काल अख्खं घर घासलं. चौकटीला रंगही दिला."

"डॉक्टरकडे जाताना कुणी ताप पुसून जातं का?"

ती कानकोंडी झाली. "मला वाटलं, तुम्ही म्हणाल, काय ही घर ठेवायची पद्धत."

"वाळवीला पसारा चालतो. मलाही चालतो."

ते वैतागले होते, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माग पुसला गेला, म्हणजे आता सगळी भिस्त माझ्यावर.

चौकटीपासून सुरुवात केली. उजवी बाजू टण्ण, टण्ण, पार खालपर्यंत. डावी बाजू वरून टण्ण, पुन्हा टण्ण, आणि गुडघ्याच्या उंचीवर आले तर ढप. लाकूडवैद्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. ताज्या रंगाच्या पापुद्र्यामागे पांढुरके किडे वळवळले. सापडले! मी जागच्या जागी थरारले.

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"जिना. पण जिन्याखाली नको बघायला," ती घाईघाईने म्हणाली. "तिथे जरा सामान आहे."

"जरा नाही," गुंडी म्हणाली. "खूप आहे. काल आईने पायाने ढकललं."

आईने डोळे वटारले, पण दार उघडावं लागलंच. कालचा पसारा बाजूला केल्यावर मागे पुठ्ठ्याचे जुने खोके निघाले, भिंतीला टेकून ठेवलेले. गुंडीचे तान्हेपणीचे कपडे, कधीतरी लागतील म्हणून जपलेले. वरून पाण्याचा पाइप थेंब थेंब झिरपत होता. लाकूडवैद्यांनी एक खोका उचलला, तर तळ खालीच राहिला. मातीचे रस्ते, बोळ, चौक, अख्खं गावच वसलेलं.

"म्हणजे यांना मीच पोसलं," ती म्हणाली. "पाच वर्षं. पोरीलासुद्धा इतकं वेळेवर जेवू घातलं नसेल." मग तिने त्यांची बाहीच धरली. "काका, बाकी राहू द्या. ते वर तुळईत गेलेत का, तेवढं सांगा. आज पोरीला तिथे निजवू की नको?"

शिडी लागली. हातोडीला छाती नसते, मान्य, पण माझी धडधडत होती. ती खाली लेकीला कवटाळून उभी, आणि लेक सुटायला बघतेय. पहिली जागा सगळ्यात वाईट, चौकटीच्या डोक्यावर, जिथे तुळई भिंतीत शिरते.

टण्ण.

वीतभर पुढे. टण्ण. आणखी पुढे. टण्ण. पलंगाच्या बरोबर वर आवाज किंचित बसका आला. लाकूडवैद्य थांबले. त्यांनी मला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजवलं, स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिला. टोक शिरेना. लाकडाची गाठ होती ती, दगडासारखी टणक. तिथून पलीकडच्या टोकापर्यंत मी अशी वाजत गेले, की मला वाटलं मी हातोडी नाही, घंटाच आहे.

"तुळईला दातही लागलेला नाही," लाकूडवैद्य शिडीवरूनच म्हणाले. "चौकट खालून कापून नवा तुकडा बसवू, औषध भरू. पाइप आजच दुरुस्त करा, खोके बाहेर काढा. सहा महिन्यांनी मी पुन्हा बघून जाईन. पोरीला खुशाल निजवा."

आता माझ्या दांड्याला चीर गेलीय. लाकूडवैद्यांनी ती दोऱ्याने आवळून बांधलीय. अजून किती घरं वाट्याला आहेत, कोण जाणे. पण तुमच्याकडे आलेच, तर एक मागणं आहे. आम्ही येणार म्हणून घर आवरू नका. ओल, भुगा, मातीची रेघ, जे असेल ते तसंच राहू द्या. मला शोधायला मजा येते, पण तेवढ्या मजेसाठी कुणाचा जीव टांगणीला नको.

त्या दिवशी निघताना ती बाई पलंगावर मटकन बसली होती. डोळे पुसत, हसत ती म्हणाली, "गुंडे, काकांना काय म्हणायचं?"

गुंडीने मला दोन्ही हातांनी धरलं आणि लाकूडवैद्यांकडे बघून म्हणाली, "आता आईला वाजवून बघा. मी 'काय झालं' विचारलं की ती नुसतं 'काही नाही' म्हणते."