थांबलेल्या आकड्याची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी तक्रार आहे. शाळेच्या निबंधात आत्मकथा सांगणाऱ्या छत्रीला किंवा फळ्याला आकार तरी असतो. मी केवळ मजकूर आहे. ‘शीतनोंद’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दोष आहे, आणि तो आहे एवढे सांगण्यासाठी माझा जन्म झाला. दोष अजून आहे. माझ्या आयुष्याबद्दल खात्रीने करता येईल असे हे एकच विधान.

शीतनोंद फुकट मिळते. तिची आतली रचना कोणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते. असे सॉफ्टवेअर कोणा एकाचे नसते, असे अभिमानाने म्हणतात. त्याचे कामही कोणा एकाचे नसते, हे मला अनुभवाने कळले. तिचा उपयोग साधा आहे. फ्रीजमध्ये एक लहान तापमापक ठेवायचा. तो आतले तापमान मोबाईलवर कळवतो. दोन ते आठ अंशांच्या मध्ये असेल तर आकडा हिरवा, बाहेर गेला तर लाल. शेळ्यांना टोचायची लस याच मर्यादेत ठेवावी लागते.

शीतनोंद लिहिली विशाखाने. ती शहरात, औरंगपुऱ्यात राहते, दिवसा एका कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात हे विनावेतन काम पाहते. माझा जन्म तिला आलेल्या एका फोनमुळे झाला. फोन पिशोर गावच्या सत्यभामाचा होता. ती पशुसखी आहे, म्हणजे गावातल्या शेळ्यांना लस टोचते, औषध पाजते.

“जयभीम ताई. फ्रीजमधी हात घातला तर आत सगळं कोमट. लाईट कवाची गेलीय. आन मोबाईलवर बघते तर चार! हिरवंगार! हे मशीन खोटं बोलतं का वो?”

“खोटं नाही, सत्यभामाताई. लाईट गेली की तापमापकाचा निरोप येत नाही, आणि आपलं सॉफ्टवेअर शेवटचाच आकडा धरून बसतं. मी तक्रार लिहून ठेवते. तोवर रोज हात घालून बघत जा.”

“हात हाये की माझ्याकडं. त्याला लाईट बी लागत नाय.”

विशाखाने मला नेटकेपणाने लिहिले. काय घडले, काय घडायला हवे होते, पुन्हा कसे घडवून पाहता येईल. माझ्या माथ्यावर ‘गंभीर’ असा तांबडा शिक्का बसला. काम मिटल्यावर सत्यभामाला आपोआप कळावे म्हणून तिचा मोबाईल क्रमांक माझ्याशी जोडला. दूरदूरच्या स्वयंसेवकांनी माझी स्तुती केली. इतकी नेमकी तक्रार क्वचित येते, असे एकाने लिहिले. मला तेव्हा ते खरे वाटले, आणि पुरेसेही.

मग यादी वाढू लागली. कोणाला काळी पार्श्वभूमी हवी होती, कोणाला बटणाचे कोपरे गोल हवे होते. सोप्या तक्रारी आधी सुटतात; हा निसर्गनियम नसेल, पण मला अपवाद दिसला नाही. माझ्याखाली लोक सहमतीचे अंगठे उमटवून जात. अंगठ्याने दोष दुरुस्त झाल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. माझ्या दुरुस्तीला एक फ्रीज, एक तापमापक आणि सलग निवांत दुपार लागणार होती. विशाखाकडे पहिल्या दोन वस्तू होत्या.

दरम्यान दुसऱ्या एका गावातून याच दोषाची आणखी एक तक्रार आली, छायाचित्रासह. ती माझी धाकटी बहीण. यादीत ती माझ्यापासून बरीच दूर होती.

वर्षातून एक रविवार यादी साफ करण्याचा असे. त्या रविवारी विशाखाचा मित्र अभय मदतीला आला. विशाखाने जुन्या टोकाकडून सुरुवात केली, अभयने नव्या टोकाकडून. नियम असा होता की एकाच दोषाच्या दोन तक्रारी आढळल्या तर हातातली बंद करायची आणि दुसरीकडे बोट दाखवायचे.

“झाडू मार, झाडू. दिवाळी आली समज,” अभय म्हणाला.

“अरे, निकाली काढायच्यात. पुरायच्या नाहीत.”

“यार, तू पुरातत्त्व खात्यात हवी होतीस. वेरूळला बसून दगडांना तारखा घातल्या असत्यास.”

विशाखा हसली. तिच्या हातात तेव्हा मी होते. धाकटीकडे छायाचित्र आहे, तीच राहू दे, असे ठरवून तिने मला बंद केले. त्याच सुमारास अभयने धाकटीला हातात घेतले होते. मूळ तक्रार जुनी आहे, तीच राहू दे, असे ठरवून त्याने तिला बंद केले. दोघांच्या पडद्यांवर सकाळी उतरवून घेतलेली यादी होती. तीत आम्ही दोघीही उघड्या होतो. मी तिच्याकडे बोट दाखवत होते, ती माझ्याकडे. यादी निम्मी झाली म्हणून दोघांनी चहा मागवला.

आणि सत्यभामाच्या मोबाईलवर ठरीव संदेश गेला: ‘आपण कळवलेला दोष दूर झाला आहे. आभारी आहोत.’

तिने फ्रीजमध्ये हात घालणे थांबवले.

पावसाळ्यापूर्वी पिशोरमध्ये लस टोचली गेली. पाऊस सुरू झाल्यावर गावातल्या सरूबाईच्या शेळ्या एकामागून एक गेल्या. सत्यभामाने विशाखाला फोन लावला, पण बोलली सरूबाई.

“हिनं माझ्यादेखत टोचलं, बाई. मी सोता धरल्या व्हत्या शेळ्या. मंग कशानं मेल्या? सांग की.”

मागून सत्यभामाचा आवाज आला. “ताई, लाईट दोन दिस नव्हती. पण आकडा हिरवाच व्हता. आन तुमचाच मेसेज आलता ना, झालं म्हणून?”

विशाखाने यादी उघडली. आम्ही दोघीही बंद होतो.

मित्रांनो, लस निकामी झाली होती हे सिद्ध झालेले नाही. बाटल्या फेकून दिल्या होत्या. तपासायला काही उरले नव्हते. म्हणून शेळ्या माझ्यामुळे गेल्या असे मी म्हणणार नाही. मी उघडी होते तोवर एक हात रोज फ्रीजमध्ये जात होता, आणि मला बंद केल्यावर तो थांबला, एवढेच म्हणते.

मला पुन्हा उघडण्यात आले. अभयने खाली लिहिले, ‘चूक माझी.’ विशाखाने लिहिले, ‘माझीही.’ दोन्ही विधाने बरोबर होती. दुरुस्ती कोणी लिहिली नाही. अभय आता या कामात नाही. विशाखा अधूनमधून मला उघडते, वाचते आणि मिटते.

माझी एकच विनंती आहे. तुम्हाला एखादी तक्रार सोडवता आली नाही तर तिला उघडी राहू द्या. तिच्यामुळे लांबलेल्या यादीची लाज वाटली तरी चालेल. न सुटलेली तक्रार निदान कोणाला तरी सावध ठेवते.

पिशोरमध्ये आता कोणी सत्यभामाला शेळीला सुई लावू देत नाही. तिने फ्रीज रिकामा केला आणि प्लग काढून ठेवला. शीतनोंदीत तो अजून दिसतो. चार अंश. हिरवा.