खुंटीवरचे शर्ट

"तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे," मास्तर म्हणाले.

समुपदेशक बाईंच्या खोलीत बसून पाऊण तास लोटला होता आणि मास्तरांच्या मुखातून निघालेले हे पहिलेच वाक्य होते. बाई हसल्या. "लहानपणी पडले होते, काका. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही."

मास्तर व्यवसायाने शिंपी. पत्नी जाऊन चार महिने झाले होते. या काळात त्यांनी शर्ट बेतले, शिवले आणि काज-बटणांसाठी नेहमीच्या खुंटीवर अडकवून ठेवले. कारण एकतीस वर्षे ते काम तिचे होते. खुंटी वाकू लागली. गिऱ्हाइके आधी हळहळली, मग कुरकुरली. एकाने तर विचारले, मास्तर, हा शर्ट घालू की पांघरू? शेजारच्या दुकानात काजाचे यंत्र होते; परंतु तिकडे शर्ट धाडण्याचा विषय निघताच मास्तर भरल्या ताटावरून उठत. अखेर मुलीने हात टेकले व त्यांना इथे आणले. मला वेड लागलेले नाही, असे त्यांनी तिला वाटेत तीनदा बजावले होते.

"तुम्हाला नसेल, बाबा. मला लागायची वेळ आलीय," ती म्हणाली होती.

बाईंनी सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही. काज कसे करतात, एवढेच विचारले.

"आधी कापडाला चीर द्यायची," मास्तर सरसावून बसले. "नवं कापड असतं, जिवावर येतं. मग कडेकडेनं टाके घालत जायचं. चीर बुजवायची नाही हां. बुजवली तर बटण जाणार कुठून? फक्त उसवू द्यायची नाही..."

दुकानातून निघताना गळ्यात तशीच राहिलेली मापाची टेप त्यांनी उचलली आणि तिनेच डोळे टिपले. चार महिन्यांत ते प्रथमच रडत होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही.

"पुढच्या बुधवारी एक शर्ट घेऊन या," त्या शेवटी म्हणाल्या. "काही करायलाच हवं असं नाही. नुसता आणा."

बुधवारी मास्तर शर्ट आणि पत्नीची छोटी कात्री घेऊन आले. कात्रीच्या कडीत अंगठा जाईना, तेव्हा त्यांनी करंगळी अडकविली.

"सगळ्यात खालचं आधी करतो. शर्ट खोचल्यावर ते कुणाला दिसत नाही. चुकलं तरी झाकून जातं."

काज वाकडे झाले. ताडून पाहावे म्हणून मास्तरांनी अंगातला शर्ट खोचलेल्या जागेतून बाहेर ओढला. तो तिने पुरा केलेला होता. कुणाच्याही दृष्टीस न पडणारे ते शेवटचे काज गळ्याजवळच्या काजाइतकेच रेखीव होते.

मास्तर बराच वेळ त्यावरून बोट फिरवीत राहिले.

आपले वाकडे काज त्यांनी उसवले नाही. सुईत नवा दोरा ओवून वरच्या काजाची खूण केली. अंगातला शर्ट खोचायचे मात्र ते विसरून गेले.