मुरलं किती

"तिला सांग, हात हलवू नकोस," श्यामकांत डॉक्टर म्हणाले.

"जाने, हात नको हालवू," हिरकणीने सांगितलं.

जानीच्या कोपराखाली शाईने काढलेलं वर्तुळ होतं. त्यात पिवळसर लोशनचे मोजके थेंब आणि त्यावर काचेची वाटी उपडी. काही वेळाने डॉक्टर ते कापसाने टिपत आणि बोळा नाजूक तराजूत तोलत. वजन जितकं कमी भरेल, तितकं लोशन कातडीत जास्त मुरलं, असा त्यांचा हिशेब.

हिरकणी नरपडची. नवरा समुद्रात गेला तो परतला नाही, तेव्हापासून ती डहाणूच्या या दवाखान्यात आया होती. खरजेने बेजार झालेल्या बायकांना रानशेतच्या पाड्यांवरून तीच घेऊन यायची. इंजेक्शनच्या नावाने पळणाऱ्या बायकाही "हिरकणीबायने बोलावलंय" म्हटलं की निघायच्या.

"लय झोंबतंय गो," जानी कळवळली.

"औषध हाय ते. झोंबल्याबिगर खरूज जाते का?"

पण दर खेपेला जानीचं कातडं अधिकच सोलवटत होतं, आणि खरूज होती तिथेच होती. शेवटी हिरकणीने विचारलं, "सायेब, हिची खरूज कधी बरी होणार?"

"याने? याने कशी बरी होईल?" तराजूवरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "हे खरजेचं नाहीच. मुंबईच्या बायकांनी तोंडाला लावायचं आहे. किती मुरतं, किती जाळतं, ते आधी बघायला नको?"

"हे जानीला सांगितलंत?"

"तिला काय कळणार? आणि आणलंस तूच ना तिला?"

 हिरकणीने जानीच्या हातावरची वाटी उचलून बाजूला ठेवली, तिला दंडाला धरून मोरीवर नेलं आणि तांब्याभर पाणी ओतलं.

"अगं, अजून मोजायचंय!" डॉक्टर ओरडले.

"मोजा की. मोरीत गेलंय, तिथलं मोजा."

संध्याकाळी दशरथ कंपाउंडरने तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "साहेबांचे पाय धर," तो म्हणाला. "सोमवारी तलासरीच्या बाजारात त्यांना बायका गोळा करून दे. नाहीतर नोकरी गेली म्हणून समज."

"देते गोळा करून," हिरकणी म्हणाली.

सोमवारी आंब्याखाली टेबल मांडलं गेलं. हिरकणीने हाका मारल्या, तशा गवताचे भारे टेकवून बायका जमल्या. डॉक्टरांनी बाटलीचं बूच काढलं. तेवढ्यात हिरकणी टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"बायांनो, ऐका. हे खरजेचं औषध नाय. शेटाणींच्या तोंडाला लावायचं हाय. जळतं का, ते तुमच्या कातडीवर बघणार. रानशेतच्या जानीला मी औषध म्हणून सांगितलं, तिचा हात सोलवटला. आता जिला हात द्यायचा तिने द्यावा."

 मग रूपी नावाची एक म्हातारी पुढे झाली. तिने बाटली उचलून वास घेतला आणि तोंड वाकडं करून टेबलावर ठेवली.

"सायेबाच्या बायकोला लावा," ती म्हणाली, आणि भारा डोक्यावर घेऊन चालू लागली. मागोमाग बाकीच्याही निघाल्या.

"हिला जीपमध्ये बसव!" डॉक्टर ड्रायव्हरवर खेकसले.

"मी चालत जाईन," हिरकणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारातूनच तिला परत पाठवलं. तिने कुणाची मनधरणी केली नाही. नरपडच्या बायकांकडून सुकी मासळी घेतली, पाटीत भरली आणि विकायला रानशेतची वाट धरली. त्या वाटेवर तिला कुणी "ये" म्हणत नव्हतं. पोरं तिला बघून घरात पळत. जानी तर दार लावून घ्यायची. तरी हिरकणी जात राहिली. हाक देताना तिने आवाज कधी खाली आणला नाही.

दिवाळीनंतर एकदा जानी दाराबाहेर आली. तिने पाटीतला चिमूटभर जवळा उचलला आणि हिरकणीपुढे धरला.

"आधी तू खा."

हिरकणीने तो तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. जानी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात लावून तिने पाटी हिरकणीच्या डोक्यावरून खाली उतरवली.